डाव्या कोपऱ्यातल्या वस्तू

१३ नोव्हेंबर २००७, मंगळवार

कंदील दिसत नाही म्हणे! भोपळ्याएवढा कंदील लटकतोय वरती डाव्या कोपऱ्यात आणि ह्यांना दिसत नाही! उजवीकडेच टक टक टक माउस दाबत बसलेत. चुकीचं दाबलं की गेम वेळ कापतो, आख्खा स्क्रीन हादरतो, आणि मग ह्यांचं सुरू – "चोर साले! कंदील नाहीच आहे ह्या चित्रात. लिस्टमध्ये उगाच लिहिलाय." मी मागून बोट दाखवलं तर म्हणतात, "आत्ता आणून ठेवला असेल."

शाळेला दिवाळीची सुट्टी. शाळेची बस मालकाच्या, ईश्वरशेटच्या आवारात उभी आणि ड्रायव्हरसाहेब घरात, माझ्या खुर्चीत! नाहीतर वर्षभर दुपारचा कॉम्प्युटर माझा असतो. आमचा निहार जेसल पार्कला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो, तोच गेम आणून टाकतो. तासभर फुकट चालतात, मग क्रेडिट कार्ड मागतात. आमच्याकडे रेशन कार्ड आहे, चालेल का? निहार काहीतरी करतो आणि तास परत पहिल्यापासून सुरू होतो. काय करतो ते मी विचारत नाही.

ह्या बंगल्याच्या गेमबद्दल माझं मत वाईट आहे. कोणी श्रीमंत मावशी मेलीय, तिच्या बंगल्यात पसारा पडलाय आणि आपण त्यातनं वस्तू शोधायच्या. अरे, हे तर मी दिवसभर घरात करतेच की! कात्री कुठे, ह्यांच्या गोळ्या कुठे, निहारचा दुसरा मोजा कुठे. त्यासाठी कॉम्प्युटर कशाला? आणि वस्तू तरी कसल्या – घोड्याचा नाल, ऑपेराची दुर्बीण, एकॉर्न. एकॉर्न काय ते निहारने सांगितलं, कसलं तरी फळ. खारी खातात. एकदा तरी पळी, पोळपाट, सांडशी ठेवा ना मेल्यांनो!

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज हे बाजारात गेले तेवढ्यात हिऱ्यांचा गेम खेळून घेतला. हा गेम सरळ आहे. तीन सारखे रंग शेजारी आणायचे, फुटतात, वरून नवे पडतात. जे आहे ते समोर आहे. लपवाछपवी नाही. हरलो तर आपल्या चुकीने हरलो. साड्यांना फॉल लावून लावून मान मोडते तेव्हा मला हाच गेम बरा. डोकं रिकामं होतं.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

ह्यांना बंगल्याचा नाद लागलाय. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. आणि एक गंमत, रोज ह्यांच्या तीन-चार वस्तू राहतात त्या सगळ्या स्क्रीनच्या डाव्या बाजूच्या. मला वाटलं मॉनिटरच त्या बाजूने काळा पडत असेल. जुना आहे, निहारने कुठूनतरी उचलून आणलेला. निहारला म्हटलं बघ जरा. त्याने पुसला, पांढरा पडदा लावून बघितला, बटणं दाबली. "आई, ओके आहे मॉनिटर. बाबांना धीर नाही, बस."

धीर नाहीच. मे महिन्यात चक्कर आली, डावा हात मुंग्या आल्यासारखा झाला, तेव्हापासून जास्तच चिडतात. नाक्यावरच्या डॉक्टरने बीपीच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणाला, झालं. आजही चिडून उठले आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. शिवी चौकटीला.

१८ नोव्हेंबर, रविवार

खूप उशीर झालाय. तरी लिहिते.

ताट वाढायची आमची पद्धत सासूबाईंनी घालून दिलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मे महिन्यापासून हे चटणीला हात लावत नाहीत. कोशिंबीर तशीच. मला वाटायचं डॉक्टरने मीठ सोडायला सांगितलंय ते पाळतायत. कौतुक वाटायचं मला! जन्मात कोणाचं ऐकलं नाही ते डॉक्टरचं ऐकतायत म्हणून. पण लसणीची चटणी ह्यांचा जीव की प्राण, म्हणून मी रोज चिमूटभर वाढायची, आणि रोज ती ताटात राहायची.

आज तो कंदील, तो मॉनिटर, तो खांदा डोक्यात घुमत होता. काय वाटलं कोण जाणे, चटणी उजवीकडे वाढली, आमटीशेजारी. सासूबाई असत्या तर हात धरला असता.

हे बसले. पहिला घास. "अरे वा! किती दिवसांनी केलीस गं चटणी!"

मी म्हटलं, रोज करते.

"काय थापा मारतेस," म्हणाले आणि चाटून पुसून खाल्ली. डावीकडे मी भाजी ठेवली होती. ती राहिली.

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. बसचं दार डावीकडे असतं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. निहार कामावर गेल्यावर सांगितलं. कसं सांगायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं – "तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

मग जे सुरू झाले! ऑगस्टमध्ये लायसनसाठी मेडिकल झालंय, शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचलीत. इतकी वर्षं बस चालवतोय, एक ओरखडा नाही गाडीला. "तू काय डोळ्यांची डॉक्टर झालीस? ते गेम खेळून खेळून तुझं डोकं फिरलंय."

मी म्हटलं चला, चांगल्या डॉक्टरला दाखवू.

"आणि त्याने लिहून दिलं म्हणजे? बस गेली म्हणजे? काय करू मी, बिल्डिंगच्या गेटवर बसू? बस काढून घेतलीस ना मंदा, मी जगायचा नाही. सांगून ठेवतो."

हे रागाने बोलले असतील. पण बोलले.

२१ नोव्हेंबर, बुधवार

देवा, तुझे उपकार!

आज स्वतःहून म्हणाले, "लाव तुझा तो गेम. बघ समोर बसून." लावला. बंगल्याचा दिवाणखाना. लिस्ट आली. नाल – टक. पंखा – टक. दुर्बीण डाव्या कोपऱ्यात पडद्यामागे – टक! मेणबत्ती, अगदी खाली डावीकडे – टक! एक चूक नाही. लपलेली वस्तू दाखवणाऱ्या हिंटच्या दिव्याला हात लावला नाही. मग स्वयंपाकघर, मग माडीवरची खोली. वेळ शिल्लक ठेवून संपवला.

"आता बोल."

मला रडायलाच आलं. चौकटीला कोणाचाही खांदा लागतो. चटणीचं मीच काहीतरी मनाने घेतलं. साजूक तुपातला शिरा केला. पहिल्यांदाच ह्या बंगल्याच्या गेमला मी मनापासून चांगलं म्हणतेय.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

किती मूर्ख मी.

निहार सहज बोलून गेला. "आई, बाबा जाम खेळतायत गं. तू दुकानात फॉल द्यायला गेलीस की सुरू. तोच गेम परत परत पहिल्यापासून. मला म्हणाले, एकेक वस्तू कुठेय ते बोट ठेवून दाखव."

बोट ठेवून दाखव!

मला कळायला हवं होतं. ह्या गेमबद्दल माझी जुनी तक्रार हीच ना? खोल्या मोजून सात, आणि त्याच फिरून फिरून आणतात. लिस्टमधली नावं बदलतात पण दुर्बीण पडद्यामागे ती पडद्यामागेच. मेणबत्ती खाली डावीकडेच. आळशी आहेत करणारे. दोनदा खेळलं की शोधावं लागतच नाही, आठवावं लागतं. मी हे निहारला कितीदा ऐकवलंय, आणि परवा समोर बसून टाळ्या वाजवल्या!

निहारकडून नवा गेम टाकून घेतला. जहाजाचा. ह्यांनी कधी न बघितलेला. संध्याकाळी म्हटलं, हा खेळा. नको म्हणाले. मी म्हटलं, खेळा. बसले. कप्तानाची केबिन. उजवीकडचं सगळं सापडलं. मग नुसता माउस फिरवत राहिले, उजवीकडेच, परत परत त्याच जागी. घड्याळ संपलं. परत लावला. परत संपलं. डावीकडे सोनेरी पिंजऱ्यात केवढा मोठा हिरवा पोपट!

माउस बाजूला सारला. मग म्हणाले, "ही खोली मला माहीत नाही गं."

आणि मग – "रस्ता माहितीये. इंद्रलोकच्या स्टॉपपासून शाळेपर्यंत, खड्डा न् खड्डा पाठ आहे."

मी म्हटलं, पोरं पाठ आहेत का? ती एका जागी उभी राहतात का?

उठून गॅलरीत गेले. सोमवारी शाळा उघडतेय.

२६ नोव्हेंबर, सोमवार

गेले. अंघोळ, पूजा, खाकी ड्रेस, सगळं रोजच्यासारखं. मी दार अडवून उभी राहिले होते. मला हाताने बाजूला केलं, जोरात नाही. परत येईपर्यंत वेळ जावा म्हणून हिऱ्यांचा गेम लावला, पहिल्याच पायरीला हरले. पहिल्या पायरीला लहान मूलसुद्धा हरत नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी इंद्रलोकच्या स्टॉपला जाऊन लांब उभी राहिले. बस आली. दारात सुलू. ही नवघर गावातली, बसमध्ये पोरांना चढवा-उतरवायला असते. एकेक पोर आत घेतलं, खाली वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं, मागे बघितलं, मग पत्र्यावर थाप मारून ओरडली, "मोकला हाय, दादा!" आणि तेव्हा बस हलली. पुढच्या वळणाला परत तिचा आवाज – "डावीला रिक्षा हाय. थांब. आता चल."

दुपारी तिला गाठलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "वैनी, मना ठावं हाय. शाला सुरू झाली तवापासून ठावं हाय."

जूनपासून! मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस कोणाला?

"कोनाला सांगू? दादा मानूस चांगला हाय. माज्या पोरीच्या लग्नात रातभर राबला. मी हाय ना डावीला."

मला तिचा राग आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. घरी येऊन काहीच बोलले नाही. म्हणजे आता आम्ही तिघं झालो, माहीत असून गप्प बसणारे.

८ डिसेंबर, शनिवार

शेवटी एकदाचे आले डॉक्टरकडे. मीरा रोडच्या. रडून, ओरडून, निहारची शपथ घालून नेलं. इथे ओळखीचं कोणी भेटेल म्हणून स्टेशनकडच्या डॉक्टरला तयार नव्हते.

डॉक्टर तरुण. समोर बसला, म्हणाला माझ्या नाकाकडे बघा, आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवली. किती बोटं? उजवीकडची सांगितली. डावीकडे बोट हलत होतं, हे नाकाकडे बघत शांत बसले होते. मग मशीनमध्ये डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं. मला वाटलं, हा पण गेमच आहे. फक्त ह्यात हिंट नाही.

डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. मे महिन्यातली चक्कर साधी नव्हती. डोक्यात मागच्या बाजूला रक्त पोचलं नाही, त्यामुळे दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं गेलं. काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. आता ते परत येणं कठीण. मग विचारलं, "काका, काम काय करता?"

"शिपाई आहे. ऑफिसात."

"मग ठीक. गाडी चालवत नाही ना? अजिबात चालवायची नाही. स्कूटरसुद्धा नाही."

"छे. मला कुठे येते गाडी."

मी शेजारच्या खुर्चीत होते. माझी पर्स मांडीवर घट्ट धरून. डॉक्टरने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी म्हटलं, "थँक यू डॉक्टर."

९ डिसेंबर, रविवार

त्या डॉक्टरसमोर मी तोंड का नाही उघडलं?

२१ डिसेंबर, शुक्रवार

सुलू काम सोडतेय. नाताळच्या सुट्टीपासून येणार नाही. घरी येऊन सांगून गेली. परवा जेसल पार्कच्या वळणावर एक सायकलवाला अगदी घासून गेला, ती ओरडली म्हणून वाचला. "माज्यानं न्हाय व्हायचा वैनी. झोप न्हाय लागत. डोला मिटला का पोरां दिसतान."

तिचं बरोबर आहे. मी तिला चहा दिला, तिने नुसता ओठाला लावला.

मला वाटलं आता तरी हे सोडतील. संध्याकाळी ईश्वरशेटचा फोन आला, दुसरी बाई कुठून आणू म्हणून. आणि हे म्हणतात काय, "शेट, चिंता मत करो. मेरी घरवाली आयेगी."

फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लाज होती, मिनतवारी होती, सगळं होतं. वीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही. "मार्चपर्यंत, मंदा. परीक्षा संपेपर्यंत. मग मी स्वतः चावी देतो."

मी हो म्हटलं.

का म्हटलं? कारण मी नसले तर हे एकटेच जातील. आणि तो शब्द मी विसरले नाही, जगायचा नाही म्हणालेला. पोरांसाठी पण हो म्हटलं आणि ह्यांच्यासाठी पण. असं मी स्वतःला सांगतेय.

४ जानेवारी २००८, शुक्रवार

तीन दिवस झाले बसवर. संध्याकाळी कंबर उभी राहू देत नाही. सारखी लवून चाकं बघते म्हणून पोरं मला लवूकाकी म्हणतात! सुलूने सांगितलेलं सगळं करते. आधी पुढचं चाक, मग मागचं, मग दार, मग रस्ता, मग "मोकळं!" हे आरशात बघून मान हलवतात. उत्तम चालवतात हो. ब्रेक असा दाबतात की उभं पोर डगमगत नाही. इतकी वर्षं मी ह्यांना बस चालवताना बघितलंच नव्हतं. अभिमान वाटला. असा अभिमान वाटणं बरं नाही हेही वाटलं.

१० जानेवारी, गुरुवार

गेम लावलेच नाहीत इतके दिवस. आज निहारने नवा आणला म्हणून बसले. जत्रेचा आहे, वस्तू शोधायचा. चित्रं सुंदर, वस्तू नीट दिसतात, मावशीच्या बंगल्यापेक्षा शंभरपट बरा. पण पाच मिनिटांत बंद केला. हिंटचा दिवा एकदा वापरला की भरायला मिनिटभर लागतं. तोपर्यंत गेम थांबतो, वाट बघतो. मला वाटलं, मी दिवसभर तो दिवाच आहे. मला मात्र भरायला वेळ नाही. पुढचा स्टॉप येतो, परत पुढचा.

आणि चुकलं तर नुसता वेळ कापतात. बस एवढंच.

१७ जानेवारी, गुरुवार

दुपारची ट्रिप. नवघर रोडचा स्टॉप. रसिका म्हणून पहिलीतली एक पोरगी आहे, दोन शेंड्या, सतत बडबड. ती उतरली. तिची आई रस्त्याच्या पलीकडे कोणाशी बोलत उभी. मी पुढचं चाक बघितलं. मागचं बघितलं. तेवढ्यात आत दोन पोरं भांडायला लागली, एकाने दुसऱ्याची टाय ओढली, तो कळवळून ओरडला. मी वळले. टाय सोडवली. एकाच्या पाठीत धपाटा घातला. आणि वळता वळता सवयीने ओरडले – "मोकळं!"

बाहेर न बघता. सवयीने.

बस हलली. पानवाला ओरडत धावत आला, दोन्ही हातांनी पत्रा बडवत. ह्यांनी ब्रेक मारला. मी खाली उडी टाकली. रसिका पुढच्या चाकाशी बसलेली, तिचा डबा गडगडत खाली गेला होता तो काढायला. चाक तिच्या फ्रॉकवर चढलेलं. फक्त फ्रॉकवर. घेर चाकाखाली आणि पोरगी मला म्हणतेय, "लवूकाकी, माझा फ्रॉक सोड ना."

ह्यांनी गाडी मागे घेतली. मी तिला उचलली. तिची आई धावत आली, आधी तिलाच फटका मारला – "तुला कितीदा सांगितलं गाडीखाली वाकायचं नाही!" – मग माझे हात धरले. "ताई, तुम्ही होतात म्हणून!"

माझे आभार मानले तिने. माझे!

घरी येऊन मी भिंतीला टेकून बसले. हे पाणी प्यायले. मला वाटलं आता बोलतील, आता चावी ठेवतील. म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं? दोन धडधाकट डोळे आहेत ना? का तुझे पण तपासून आणू?"

खरंच आहे ते. मला दोन डोळे आहेत. मी बघितलं नाही. ह्यांना दिसत नाही आणि मी बघितलं नाही, आणि मधे ती पोरगी बसली होती.

१८ जानेवारी, शुक्रवार

आज पण गेले बसवर. आज पण मोकळं मोकळं ओरडले. रसिका दुसरा फ्रॉक घालून आली होती.

२३ जानेवारी, बुधवार

सोमवारी मी बसवर चढले नाही. आधी ईश्वरशेटकडे गेले. तो म्हणाला, "भाभी, दूसरा ड्रायवर मिलने दो, फिर देखते हैं." तशीच शाळेत गेले, मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये, आणि डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. माझं पण सांगितलं. दुपारची ट्रिप दुसऱ्याच माणसाने नेली.

आज सकाळी ह्यांनी बॅग भरली. गावी जातो म्हणाले, दाजींकडे. कधी येणार ते नाही सांगितलं. दारात चप्पल घालताना म्हणाले, "केलंस ते बरोबर केलंस, मंदा. मला कोणीतरी थांबवायला हवं होतं. पण ती तू नको होतीस."

एस.टी. स्टँडपर्यंत निहार गेला सोबत. मी गॅलरीतून बघत होते. तो त्यांच्या डाव्या अंगाने चालत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.